तांबडा, पांढरा आणि काळा समुद्र

आम्हा कोल्हापूरकरांचं पाणी म्हणजे पंचगंगा आणि रंकाळा. समुद्र बघायचा तर मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली करत रत्नागिरी गाठायची. एवढा घाट उतरून गेलेला माणूस काय करतो? गाडीतनं उतरल्या उतरल्या अख्खा समुद्र कॅमेऱ्यात कोंबतो. मीही तीन वर्षं तेच केलं. रंगीत फोटो त्यातल्या त्यात बरे दिसायचे, कारण सूर्यास्त कुणीही काढला तरी केशरीच येतो. पण तोच फोटो ब्लॅक अँड व्हाईट केला की खाली राखाडी पट्टा, मध्ये राखाडी पट्टा, वर राखाडी पट्टा. बायकोनं बघितलं आणि विचारलं, "सिमेंटच्या पत्र्याचा फोटो काढलाय का?"

शुक्रवार पेठेत माझा लहानसा छापखाना आहे. पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका, तालमीच्या गणेशोत्सवाची हँडबिलं. बरीच कामं एकाच रंगात, काळ्यात. गिऱ्हाईक रंगीत फोटो आणून देतं, छापून आला की तोंड पाडतं. कारण तांबडा फेटा आणि मागची हिरवी झाडं छापल्यावर एकच होतात, पाव्हण्याचं डोकं झाडात गायब. डोळ्याला लांब लांब वाटणारे दोन रंग काळ्या शाईत सख्खे भाऊ निघतात, हे मला धंद्यामुळं वीस वर्षं माहीत होतं. तरी समुद्रावर गेलो की विसरायचो.

किनाऱ्याच्या ब्लॅक अँड व्हाईट फोटोत काम एकच असतं. वाळू, पाणी आणि आभाळ हे तीन पट्टे एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. कॅमेरा कुठं धरायचा, कधी जायचं, बटणं कुठली दाबायची, हे सगळं त्या एका कामासाठी.

आधी घरातला धडा, रश्श्याचा

रविवारी मटण झालं की तांबड्या आणि पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या शेजारी शेजारी ठेवा, खिडकीजवळ, वरचा दिवा बंद करून. मोबाईलनं रंगीत फोटो काढा. मग स्नॅपसीडसारख्या फुकट ॲपमध्ये ब्लॅक अँड व्हाईट करा आणि त्यातले रंगाचे फिल्टर एकेक लावून बघा. तांबडा फिल्टर लावला की तांबडा रस्सा उजळत जातो आणि दोन्ही वाट्या जवळजवळ एकसारख्या दिसायला लागतात. निळा लावला की तांबडा रस्सा काळाकुट्ट, पांढरा आहे तसाच. फिल्टर आपल्या रंगाची वस्तू उजळ करतो आणि विरुद्ध रंगाची काळवंडतो, एवढंच त्यातलं शास्त्र.

आता वाटीच्या जागी कोकणचा किनारा ठेवा. जांभा दगड तांबूस, आभाळ निळं. तांबडा फिल्टर लावला तर आभाळ गडद आणि जांभा फिकट. निळा लावला तर आभाळ पांढरं आणि जांभा काळा. एकाच जागेचे दोन उलटे फोटो. कुठला हवा ते काढायच्या आधी ठरवायचं, कारण उभं कुठं राहायचं ते त्यावर ठरतं. आभाळ काळं करणार असाल तर उजळ गोष्ट आभाळावर पडली पाहिजे, म्हणजे खडकाच्या खाली जाऊन वर बघत काढायचं. आभाळ पांढरं ठेवणार असाल तर गडद होडी, गडद माणूस, गडद सुरूचं झाड शोधायचं.

रस्सा गार व्हायच्या आत हे उरका. आमच्यात एकदा गार झाला होता, त्यावर जास्त बोलत नाही.

कॅमेरा

माझ्याकडं सेकंडहँड घेतलेला सोनी आरएक्स१०० मार्क तीन आहे. शर्टाच्या खिशात मावतो, सेन्सर एक इंची म्हणतात तो (प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, 'एक इंच' हे नुसतं नाव), लेन्स २४ (सगळ्यात रुंद) ते ७० (लांबचं जवळ ओढणारी) मिलिमीटरच्या तोडीची. तुमच्याकडं दुसरा कुठला कॉम्पॅक्ट असेल तरी पुढचं सगळं चालतं. चार गोष्टी एकदाच लावून ठेवायच्या आणि परत मेनूत शिरायचं नाही.

रॉ (सेन्सरनं टिपलेली कच्ची फाईल) आणि जेपीईजी (तयार फोटो) दोन्ही चालू, आणि स्टाईल ब्लॅक अँड व्हाईट. म्हणजे पडद्यावर तुम्हाला काळंपांढरं दिसतं आणि रॉ फाईलमध्ये सगळे रंग शाबूत राहतात. पडदा रंगीत ठेवून "नंतर ब्लॅक अँड व्हाईट करू" म्हणणारे नंतर कधी करत नाहीत. दुसरं, जाळीच्या रेषा आणि लेव्हल चालू. समुद्राची रेषा एक अंशानं वाकडी असली तरी कळते, डोंगराच्या फोटोत खपतं तसं इथं खपत नाही. घरी सरळ करता येतं, पण कडा कापल्या जातात आणि नेमकी कडेची होडी अर्धी होते. तिसरं, झेब्रा १०० वर. जिथं पांढरं जळतंय, म्हणजे नुसतं कोरं होतंय, तिथं पडद्यावर रेघा वळवळतात. चौथं, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १२५ वर आणि ॲपर्चर (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तेवढं बारीक) एफ ५.६ वर.

एफ ५.६ का, तर मोठ्या कॅमेऱ्याची पुस्तकं वाचून लोक एफ ११ लावतात. छोट्या सेन्सरवर एवढं छिद्र बारीक केलं की प्रकाश पसरून फोटो मऊ पडतो. आणि गरजही नसते. २४ च्या टोकाला, ५.६ वर, सव्वा मीटरवर फोकस धरला तर पाऊण मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं नेटकं येतं. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याला पार्श्वभूमी धूसर करता येत नाही म्हणून लोक नावं ठेवतात. किनाऱ्यावर तीच त्याची मोठी सोय आहे. पायाजवळचा शिंपला आणि लांबचा किल्ला एका दमात मिळतात.

रंकाळ्यावर सराव

थेट रत्नागिरीला जाऊन शिकायचं म्हटलं तर महाग पडतं. रंकाळ्यावर या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की संध्यामठ बराच उघडा पडतो. काळ्या दगडाची चौकोनी वस्तू, भोवती पाणी, मागं पलीकडचा काठ. इथं पहिली चूक सगळे करतात ती म्हणजे उभ्याउभ्या काढतात. मग मठाचं छप्पर आणि मागच्या झाडांची काळी रांग एकमेकांत मिसळते. कठड्याशी बसा. कॅमेरा फूटभर खाली आला की छप्पर झाडांच्या वर, आभाळावर सरकतं आणि वस्तू सुटी होते. कधी उलटं असतं, वर चढल्यावर सुटी होते, मठाभोवती पाण्याचा उजळ पट्टा मिळतो. गुडघे वाकवणं आणि सरळ करणं यात माझा अर्धा कंपोझिशनचा अभ्यास झाला.

आणि म्हशी. पंचगंगेच्या घाटावर सकाळी पाण्यात उतरलेली म्हैस म्हणजे चमकत्या पाण्यातला काळा ठिपका, अगदी समुद्रातल्या होडीसारखा. कॅमेरा पाण्याचा उजेड बघून सगळंच गडद करतो आणि म्हशीची होते नुसती शाई. शिंगं, पाठीवरचा ओलसर चकाकणारा भाग, कान, काही दिसत नाही. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, अधिक-उणेच्या पट्टीवर थोडं वाढवा, अधिक ०.७, आणि झेब्रा बघा. पाण्याची चकाकी थोडी जळली तर जळू दे, पण म्हशीला पाठ पाहिजे. छापखान्यातही हेच. तिथं राखाडी छटा काळ्या शाईच्या बारीक ठिपक्यांनी होते. नव्वद टक्क्यांच्या वरचा ठिपका कागदावर भरून येतो, सगळा काळा एक होतो, आणि पाच टक्क्यांच्या खालचा पुष्कळदा उडून जातो. म्हणून फोटोत खरा काळा आणि खरा पांढरा अगदी थोडा ठेवायचा, रश्श्यावरच्या तर्रीएवढा.

कधी जायचं, ते कॅलेंडर सांगतं

किनाऱ्याचा फोटो ओहोटीला चांगला होतो. पाणी मागं हटलं की ओली वाळू उरते, तिच्यात आभाळ दिसतं आणि खालचा मेलेला पट्टा एकदम जिवंत होतो. आमच्यासारख्या घाटावरच्या माणसाला भरतीची वेळ कशी कळणार? रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जाळं विणत बसलेल्या एका आजोबांनी मला हिशेब सांगितला, कोकणात तो लहान पोरालाही येतो. तिथीला पाऊणनं गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतं, पण भिंतीवरचं कॅलेंडर आणि तोंडी हिशेब एवढ्यावर काम भागतं. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा उगवतो, त्याच्या मागनं भरती सरकते, म्हणून हा पाऊणचा पाढा.

आता याचा उपयोग बघा. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकराच्या आसपास भरती. तिथनं सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी सव्वापाच-साडेपाच. त्यात उधाणाचे दिवस, पाणी लांबवर हटलेलं. सूर्य खाली आलेला, वाळू ओली, मैदानासारखी मोकळी. आणि अष्टमीला गेलात तर नेमकं सहाला पाणी पायरीशी. मी पहिली तीन वर्षं सोयीचा रविवार बघून जायचो, तिथी बघून नाही. आता अमावास्या-पौर्णिमा रविवारजवळ आली की गाडीत हवा भरतो.

ऋतूचं म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीत हवा स्वच्छ पण आभाळ कोरं, ढगाचा तुकडा नाही. मे महिन्याच्या शेवटी ढग जमायला लागतात तेव्हा आभाळाला पोत येतो, मला तो काळ सगळ्यात आवडतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वाळूवर ओढून झाकून ठेवलेल्या असतात, त्यांचे आकार छान मिळतात. पण त्या दिवसांत खडकावर उतरायचं नाही. फोटो लांबनं काढा.

काळा समुद्र, पांढरा समुद्र

ब्लॅक अँड व्हाईटवाल्यासाठी रत्नागिरी हे मुद्दाम बांधल्यासारखं गाव आहे. रत्नदुर्ग किल्ल्याच्या टेकाडाच्या एका अंगाला मांडवीचा किनारा, तिथली वाळू काळसर, लोक त्याला काळा समुद्र म्हणतात. दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र. रिक्षानं थोडक्यात जाता येतं.

कॅमेऱ्याला हे काळं-पांढरं कळत नाही. त्याला जे दाखवाल ते मधल्या राखाडीवर आणून बसवतो. पांढरी वाळू दाखवली की तो घाबरून गडद करतो, वाळू मळकी येते. काळी दाखवली की उजळ करतो, वाळू धुतल्या पाटीसारखी फिकी. म्हणून पांढऱ्या समुद्रावर अधिक ०.७, काळ्यावर उणे ०.७. दोन्हीकडं लाटेच्या फेसावर झेब्रा किती वळवळतोय ते बघून एकतृतीयांश पुढंमागं. पलीकडं मिऱ्या गावाच्या बाजूला समुद्र किनारा खात आलाय, दगडी बंधारे घातलेत. काहींना ते कुरूप वाटतात, मला पांढऱ्या पट्ट्यात काळे दातेरी दगड चालतात.

मांडवीला मात्र खरी मजा. काळ्या वाळूवरनं पांढरा फेस मागं सरकतो तेव्हा नक्षी उमटते. लाट येताना दाबू नका, येणारी लाट म्हणजे नुसती भिंत. ती फुटून, पसरून, परत निघाली की फेस विरत विरत जाळी होतो, तो क्षण. एक-दोनशेपन्नासावा सेकंद लावला तर जाळीचा एकेक धागा दिसतो. मी एका जागी बसून वीस-पंचवीस लाटा बघतो, मग कॅमेरा वर करतो. सगळ्या लाटा सारख्या पोचत नाहीत, मध्येच एखादी लांबवर येते आणि तिच्या फेसाची कड तिरकी पडते. ती तिरकी रेघ चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातनं निघून होडीकडं गेली की फोटो झाला. कोपऱ्यातनंच निघाली पाहिजे असं नाही, पण रेघेनं कुठंतरी पोचलं पाहिजे.

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर माझा भाचा बरोबर होता. "मामा, सगळ्यात रुंद ठेव, सगळं येतंय," म्हणाला. सगळं येतं हे खरं, पण २४ वर लांबचा किल्ला आगपेटीएवढा आणि होडी मुंगीएवढी होते, चौकटीत उरतं नुसतं रिकामं. रुंद ठेवायचं तर पायाशी काहीतरी हवं आणि कॅमेरा जमिनीपासून फूटभरावर हवा. पडदा वर वळतो, लोळायची गरज नाही. पायाशी काही नसेल तर सरळ ७० वर जा आणि माणूस, होडी किंवा सुरूचं एक झाड उचला.

क्षितिजाचं एक सांगतो. रेघ वर ठेवू की खाली, यावर लोक तावातावानं बोलतात. मी एवढंच बघतो की आभाळात काही आहे का. ढग असतील तर आभाळाला दोन वाटे, नसतील तर एक चिंचोळी पट्टी पुरे. पण रेघ माणसाच्या मानेतनं जाऊ द्यायची नाही, होडीच्या काठावर तर नाहीच. होडीचा काठ आणि क्षितिज एक झालं की होडी बुडाल्यासारखी दिसते. इथंही तोच उपाय, गुडघे.

भाट्याला दुसरी चूक माझी होती. ओली वाळू आरशासारखी पडलेली, मी कौतुकानं पोराबाळांना म्हटलं, "चला पुढं." सात माणसं, चौदा पाय. आरसा गेला. आता आधी मी जातो, कडेकडेनं, आणि मंडळींना गाडीपाशी भेळ देऊन बसवतो.

संथ पाणी हवं असेल तर

लाटेचं दूध करायचं असेल तर छिद्र उघडं राहण्याचा वेळ लांबवावा लागतो. माझ्या कॅमेऱ्यात एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) आतच आहे, तीन स्टॉपचा, म्हणजे उजेड आठव्या हिश्श्यावर आणणारा. सूर्य बुडाल्यावर उजेड उतरला की एफ ८ वर एक सेकंद सहज मिळतो. (इथं तेवढ्यापुरतं ५.६ सोडायचं.) अर्ध्या सेकंदाला पाण्याच्या रेघा येतात, दोनला धुकं. मला रेघा आवडतात, धुकं सगळ्यांचं सारखंच दिसतं. तिपाई नेत नाही. जुन्या उशीच्या अभ्र्याची वीतभर पिशवी शिवून तांदूळ भरायचे, खडकावर ठेवायची, कॅमेरा त्यात दाबून बसवायचा, दोन सेकंदांचा टायमर लावून हात काढून घ्यायचा. तांदूळ रेशनचा घ्या. मी गडबडीत आजऱ्याचा घनसाळ भरला होता, खोलीभर वास सुटला आणि चोरी पकडली गेली.

पोलराइज्ड (चकाकी कापणारा) गॉगल असेल तर त्याची काच लेन्ससमोर धरून फिरवून बघा. छोटी लेन्स असल्यानं मावते, आणि काचेचा तपकिरी रंग ब्लॅक अँड व्हाईटमध्ये आड येत नाही. सूर्याला खांदा करून, म्हणजे किनाऱ्यालगत उत्तरेला किंवा दक्षिणेला बघताना आभाळ चांगलं गडद होतं. सूर्याच्या दिशेला काही फरक पडत नाही. आणि वाळूतलं प्रतिबिंब हवं असेल तर गॉगल खिशात ठेवा, तो कधी कधी तेच पुसून टाकतो.

घरी आल्यावर

फोटोच्या ॲपमध्ये रॉ उघडून ब्लॅक अँड व्हाईटमधली निळ्या रंगाची पट्टी खाली ओढली की आभाळ गडद होतं. हात आवरता घ्या. छोट्या सेन्सरच्या फाईलमध्ये निळा फार ओढला की आभाळात रवा दिसायला लागतो आणि डोंगराच्या कडेला पांढरी किनार उमटते. संध्याकाळी पश्चिमेला बघून काढलेल्या फोटोत मुळात निळं नसतंच, तिथं पट्टी ओढून हात दुखतो फक्त. मग तीन पट्टे वेगळे दिसतात का ते बघायला फोटो काडेपेटीएवढा लहान करा. तेवढ्यातही वाळू, पाणी, आभाळ वेगळं कळलं तर प्रिंट काढा. मी मॅपलिथोवर, म्हणजे छापखान्यातल्या साध्या बिनचकाकीच्या कागदावर, एका काळ्यात छापून बघतो. साधा कागद लबाडी चालू देत नाही, चिकटलेले पट्टे तिथं लगेच उघडे पडतात.

कॅमेऱ्याची निगा थोडक्यात. माझा आधीचा कॅमेरा वाळूनं गेला, लेन्स बाहेर येताना कर्र आवाज आला आणि परत आत गेलीच नाही. वारा असेल तर लेन्स उघडी ठेवून चालू नका, आणि ओल्या हातानं बटण नको. रात्री आधी किंचित ओल्या फडक्यानं खारटपणा पुसा, मग कोरड्यानं. कोरडंच घासलं तर मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. एसीच्या खोलीतनं सकाळी निघताना कॅमेरा पिशवीतच अर्धा तास राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं आणि पहिला उजेड पुसण्यात जातो.

आणि ते पिशवीतले तांदूळ घरी येऊन डब्यात परत ओतू नका. पिशवी कितीही झटकली तरी वाळू राहते. आमच्याकडं एका सोमवारी पाहुणे जेवायला होते आणि पहिल्याच घासाला काळ्या समुद्राची वाळू सगळ्यांच्या दाताखाली आली.